शिट्टी वाजली की धावायचं

दिवाळीचे आकाशकंदील अजून पुरते उतरलेले नसतात, आणि आमच्या रबाळ्याच्या गाळ्यात जर्सीचा हंगाम येऊन थडकतो. सकाळी पारसिकच्या डोंगराकडून जरा गार वारा सुटतो, ऐरोलीच्या आमच्या सोसायटीतले दोन-चार गृहस्थ वर्षभर कपाटात ठेवलेले बूट काढून खाडीच्या बाजूला पळायला निघतात, आणि मी आंघोळीला जायच्या आत पहिला फोन येतो. "सर, शाळेचे स्पोर्ट्स आहेत. चारही हाऊसचे टी-शर्ट पाहिजेत. हिरवा जरा कडक द्या, मागच्या वेळी पालकासारखा आला होता." दुसरा फोन गावच्या मैदानावरच्या क्रिकेटचा असतो. तिथे प्रत्येकाला पाठीवर स्वतःचं नाव नको असतं, मित्रांनी ठेवलेलं हवं असतं. मग आमचा कॉम्प्युटरवाला गंभीर चेहऱ्याने टाइप करतो : भावड्या, दहा नंबर. टकल्या, सात नंबर. तिसरा फोन ऐरोलीच्या एखाद्या आयटी कंपनीचा. त्यांची दौड असते, त्यांना पाठीवर प्रेरणादायक वाक्य हवं असतं, आणि ते वाक्य त्यांच्यात कुणी मंजूर करायचं हे दौडीच्या आदल्या आठवड्यापर्यंत ठरत नाही.

माझं वय बावन्न. जिना चढताना गुडघे बोलतात. पण हा हंगाम आला की मला शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवसासारखं होतं. हातात आलेला कागद मी दोनदा वाचतो आणि तरी काय वाचलं ते आठवत नाही. बायको म्हणते, "झाली का सुरू तुमची घोडदौड?" मी नुसता हसतो.

हा सगळा खेळ रंगाचा आहे, हे आधी सांगायला हवं. जर्सीवरचं चित्र आम्ही पहिल्यांदा कागदावर छापतो, आणि कागदावर ते अगदी निस्तेज दिसतं, चार पावसाळे खाल्लेल्या पोस्टरसारखं. मग तो कागद पांढऱ्या कापडावर ठेवून दोन्ही गरम प्रेसखाली सरकवायचे. वाफेचा एक हुंकार येतो, गरम पॉलिस्टरचा तो किंचित गोड, किंचित जळका वास येतो, आणि प्रेस उघडला की कापडातून लाल असा काही उसळून वर येतो की पंचवीस वर्षं बघूनही माझा हात अजून पुढे जातो. "हात भाजेगा, साब," प्रेसवरचे रफीकभाई दरवर्षी म्हणतात. दरवर्षी थोडा भाजतोही.

त्यानंतर ती जर्सी आपली राहत नाही. ती नवी मुंबईभर फिरत असते. एकदा मी कांदे घ्यायला एपीएमसी मार्केटात गेलो होतो. समोरून पाठीवर गोणी घेऊन एक माणूस वाकून येत होता, आणि त्याच्या अंगात आमची दहा-बारा वर्षांपूर्वीची निळी जर्सी होती. रंग उडालेला, पण खांद्याची शिवण शाबूत. गोणी टाकून तो वळला, तेव्हा छातीवर अर्धवट राहिलेली अक्षरं दिसली : कर्णधार. मी वेड्यासारखा त्याच्याजवळ जाऊन त्याच्या काखेतली शिवण बघायला लागलो. तो दोन पावलं मागे सरकला. "काय पायजे, काका?" मी म्हटलं, "काही नाही. कुठे टोचत नाही ना?" त्याने माझ्याकडे जसं बघितलं तसं कुणीही बघितलं असतं.

'कुठे टोचत नाही ना' हे वाक्य माझं नव्हे, बाळारामशेठचं आहे.

शेठ म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. मूळचे घणसोली गावचे, एके काळचे कबड्डीपटू, पुढे कबड्डीचे पंच. आपल्या संघाच्या चड्ड्या दर सामन्यात उसवतात म्हणून चिडून त्यांनी घरातल्या मशीनवर पहिल्या बारा चड्ड्या स्वतः शिवल्या, आणि तिथून ही कंपनी झाली. मी टेक्स्टाइलचा डिप्लोमा घेऊन, पांढरा शर्ट, काळे बूट आणि प्लॅस्टिकच्या फाइलमधला बायोडाटा अशा सरंजामानिशी त्यांच्याकडे मुलाखतीला गेलो. त्यांनी फाइल उघडलीच नाही. टेबलावरची एक जर्सी माझ्याकडे फेकली.

"घाल. आनि गल्लीच्या टोकापर्यंत धावून ये."

"सर, मी प्रॉडक्शनच्या पोस्टसाठी आलोय."

"म्हनून तर."

मी धावलो. केमिकलच्या ड्रमांनी भरलेला टेम्पो, टपरीवर चहा पिणारे ड्रायव्हर, झोपलेली दोन कुत्री, सगळ्यांच्या देखत काळे बूट टॉक टॉक वाजवत धावलो आणि धापा टाकत परत आलो. शेठने एकच प्रश्न विचारला.

"कुटं टोचलं?"

"डाव्या काखेत."

"उद्यापासून ये."

ती जर्सी त्यांनी मुद्दाम डाव्या काखेत बिघडवलेली होती. माझ्याआधी आलेल्या दोघांनी म्हणे 'छान आहे, कम्फर्टेबल आहे' असं सांगितलं होतं. या कंपनीत अकाउंटंटसुद्धा असाच धावून लागला.

पण शेठची खरी कमाई होती ती शिट्टी. चेकिंगच्या टेबलावर, म्हणजे जिथे शिवून झालेला प्रत्येक पीस तपासला जातो तिथे, भिंतीत एक खिळा होता. त्या खिळ्याला चड्डीच्या लाल नाडीने त्यांची पंच असतानाची पितळी शिट्टी बांधलेली होती. काहीही चुकतंय असं वाटलं, तर ती कुणीही वाजवायची. झाडू मारणाऱ्या मावशींनीही. ती वाजली की सगळ्या मशीनवरच्या माणसांनी पेडलवरचा पाय उचलायचा. आणि शेठने, जिथे असतील तिथून, धावत यायचं. चूक सापडली तर दुरुस्त करायची. नाही सापडली तर शेठने सगळ्यांना चहा पाजायचा, आणि ज्याने वाजवली त्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही. 'खोट्या शिट्टीला शेठचा चहा' असं सगळे म्हणायचे, आणि थंडीच्या दिवसांत मुद्दाम खोटी वाजवण्याच्या गमतीच्या धमक्याही द्यायचे.

"शेठ, धावायची काय गरज? चालत गेलात तरी चूक तिथेच असते," मी एकदा म्हटलं.

"मी चालत गेलो ना, तर त्याला वाटतं, आपन उगाच वाजवली. धावत गेलो तर त्याला वाटतं, बरं झालं वाजवली."

पुढे मी नेतृत्वावर बरंच काही वाचलं, ऐकलं. वाशीच्या हॉटेलांत गळ्यात बिल्ला अडकवून शिबिरांना बसलो. इतकं पुरेसं वाक्य मला पुन्हा भेटलं नाही. आणि हे वाक्य ज्याला सगळ्यात आधी मिळालं, त्यानेच ते सगळ्यात आधी मोडलं.

ही आठ वर्षांपूर्वीच्या हंगामाची गोष्ट. शेठचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पहिल्यांदाच सगळा कारखाना माझ्या हातात आला होता. मी सुखाने फुगलो होतो. त्यात एका मोठ्या शाळेच्या प्राथमिक विभागाचं काम आलं. पहिली ते चौथीची मुलं, चार रंग, आणि गळा एकदम बंद, मजबूत पट्टीचा, कारण आधीच्या टी-शर्टांचे गळे मुलं ओढून ओढून सैल करत होती. मापांचा तक्ता मी स्वतः कॉम्प्युटरवर केला. मोठ्या माणसांचा तक्ता घेतला आणि छाती, उंची, बाही, गळा, सगळं एकाच प्रमाणात कमी करत पहिलीपर्यंत आणलं. रकाने इतके सुंदर उतरले की मी तो तक्ता लॅमिनेट करून घेतला.

चेकिंगला तेव्हा शोभाताई होत्या. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून लग्न करून रबाळ्याच्या वस्तीत आलेल्या, जयंतीच्या दिवशी निळी साडी नेसून सगळ्या मशीनवर पेढे ठेवत फिरणाऱ्या, आणि एरवी गळ्यात इंची टेप टाकून बसलेल्या. त्यांची नजर अशी होती की चुकलेला टाका त्यांना दिसायचा नाही, ऐकू यायचा, असं रफीकभाई म्हणायचे. त्या कामाचे पहिले वीस-पंचवीस पीस टेबलावर आले आणि शिट्टी वाजली.

मी वर केबिनमध्ये फोनवर होतो. खाली मशीनची घरघर एकदम थांबली. पंख्यांचा आवाज उरला. मी उठलो, फोन कानालाच ठेवला, आणि जिना उतरलो. चालत. टेबलाशी पोचल्यावर शोभाताईंना बोट वर करून थांबायची खूण केली आणि फोनवरचं बोलणं पुरं केलं. सगळे बघत होते.

"हं. बोला."

"सर, ह्याच्यातून लेकराचं डोस्कं जायचं नाय."

"माप चार्टप्रमाणे आहे ना?"

"हाय. चार्टपरमाणंच हाय."

"मग?"

"मग चार्टच चुकलाय सर. लेकराचं अंग बारकं असतंय, डोस्कं नसतंय. घरी पोरं न्हाईत व्हय तुमच्या?"

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, कारखान्यात असतं तसंच होतं. मला मूल नाही हे त्यांच्यातल्या कुणाला तोपर्यंत ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. शोभाताईंना ठाऊक नव्हतं, हे मला आज पक्कं माहीत आहे. पण त्या क्षणी माझ्या कानशिलात काहीतरी तापलं. मी म्हणालो, "शोभाताई, तुम्ही टेप लावा. विचार करायला मी आहे." मग खिळ्यावरची शिट्टी काढली, खिशात टाकली, आणि हात वर करून म्हणालो, "मशीन चालू. दर तासाला लाइन बंद ठेवायला हा काही कबड्डीचा सामना नाही."

मशीन चालू झाली. शोभाताईंनी पुढचा पीस उचलला, टेप लावली, बाजूला ठेवला. उचलला, लावला, ठेवला. मान वर केली नाही.

शाळेने मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. स्टेजवर खुर्ची, हातात गुलाबाचं एकच फूल, डोळ्यांवर सकाळचं कोवळं ऊन. बँड तयार होता. माइकवरून एक सर सारखे म्हणत होते, "दोन मिनिटांत आपण सुरुवात करतोय." त्या दोन मिनिटांची वीस झाली. मग शाळेच्या इमारतीतून रडण्याचा आवाज यायला लागला. एका मुलाचा नव्हे, पुष्कळ मुलांचा.

मी गेलो. पहिलीच्या वर्गात पांढऱ्या बनियनमधली मुलं रांगेत उभी होती, हात वर, आणि डोकी कापडात अडकलेली. लाल, हिरवी, निळी, पिवळी. एखाद्या बागेतल्या फुलांसारखी, असं कुणाला लांबून वाटलं असतं. दोन बाई कात्र्या घेऊन फिरत होत्या. "पुढून काप गं, पुढून. कानाला जप." एका पिवळ्या कापडाच्या आतून एका मुलीचा शांत, अगदी शहाणा आवाज आला, "बाई, माझी शर्यत झाली का?"

अजून मला तो आवाज ऐकू येतो. पिवळा रंग प्रेसमधून बाहेर आला की हमखास.

त्यांची शर्यत झाली. फाटक्या गळ्यांनी झाली. छातीपर्यंत कापलेल्या पट्ट्या फडफडवत ती मुलं अशी काही धावली की सगळं मैदान दणाणलं. त्यांना काही वाटलं नव्हतं. पीटीच्या सरांनी माझ्या शेजारी येऊन खालच्या आवाजात विचारलं, "माप कुणी काढलं होतं हो?" मी म्हटलं, "बघतो."

शेठ काठी टेकत कारखान्यात आले, ते थेट चेकिंगच्या टेबलाशी. शाळेने पाठवलेला एक कापलेला टी-शर्ट त्यांच्या हातात होता. त्यांनी मशीन बंद करायला लावली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "शिट्टी वाजली नव्हती?"

मी म्हणालो, "नाही."

चाळीस माणसं होती तिथे. चाळीस जणांनी शिट्टी ऐकली होती. कुणी बॉबिन बदलायला लागलं, कुणी सुईत दोरा ओवायला लागलं, कुणी पायाखालची चिंधी उचलली. शोभाताई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. मुलाखतीच्या दिवशी शेठने बघितलं होतं तसं, हा सांगतोय का बघू, अशा नजरेने. मी पुढे बोललो, "चेकिंगमध्ये राहून गेलं. मी माणूस बदलतो."

पुढच्या आठवड्यात शोभाताई मागच्या बाजूला पॅकिंगला गेल्या. जाताना इंची टेप नीट गुंडाळून टेबलावर ठेवून गेल्या. शिट्टीबद्दल शेठने विचारलं तेव्हा मी म्हटलं, नाडी तुटली, नवीन बांधतो. ती माझ्या ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या पिनांशेजारी पडून राहिली. एका खोट्याला सोबत लागते, ते एकटं राहत नाही.

कंपनी वाढली. एकाचे दोन गाळे झाले. शेठ थकले, सगळं माझ्यावर सोपवून घणसोलीच्या घरी बसले. मी शिबिरांतून आणलेल्या कल्पना राबवल्या. खिळ्याच्या जागेवर, अगदी खिळ्यावरच, एक चकचकीत पोस्टर लावलं : तुमचा आवाज, आमची ताकद. खाली सूचनापेटी ठेवली. पहिल्या वर्षात तीत एकच चिठ्ठी निघाली. तिच्यावर लिहिलं होतं, 'पंखा.' दुसऱ्या वर्षी पेटीची किल्ली हरवली आणि ती हरवलीय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मीटिंगमध्ये मी विचारायचो, "काही अडचण?" सगळे म्हणायचे, "नाही सर." मला वाटायचं, काय शांत, काय समजूतदार कारखाना आहे माझा. माझ्या एका 'नाही'चे चाळीस 'नाही' झाले होते. कंपनीची संस्कृती कशी तयार होते यावर वाशीत एक गृहस्थ दोन तास बोलले होते. मला विचारलं असतं तर एका शब्दात सांगितलं असतं.

आणि एक आश्चर्य होतं. त्या वर्षानंतर गळ्याची एकही तक्रार आली नाही. मी नव्या गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचो, "लहान मुलांच्या गळ्यात आमचा हात कुणी धरणार नाही. आमची प्रोसेसच तशी आहे." कधी कधी कटिंगचे मास्तर येऊन म्हणायचे, "सर, ह्या लॉटला गळा पाव इंच वाढवलाय, बरा दिसतो." मी म्हणायचो, "गुड." कसली प्रोसेस, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

या वर्षी ते कळलं.

दिवाळीनंतरचा तिसरा आठवडा. एका शाळेच्या बालवर्गाचं आणि पहिलीचं काम होतं, गाडी दारात उभी होती, म्हणून घाई करायला मी मागच्या दाराने पॅकिंगमध्ये शिरलो. एरवी मी तिकडे फारसा जात नाही. का जात नाही, ते एव्हाना कळलंच असेल. बायका गप्पा मारत घड्या घालत होत्या आणि शोभाताई एका पिवळ्या टी-शर्टातून काहीतरी ओढून काढत होत्या. गोल, चिंध्यांचं, मुलाच्या डोक्याएवढं. आठ-दहा रंगांच्या कातरणांचं शिवलेलं, आत कातरणंच ठासून भरलेली. दोन काळी बटणं डोळ्यांच्या जागी, आणि बाजूला चक्क दोन कान.

"पास झाला का गं बंडू?" शेजारची ओरडली.

"झाला. कान जरा अडकला, पर झाला."

मग त्यांनी मला बघितलं. बाकीच्या मान खाली घालून भराभर घड्या घालायला लागल्या. शोभाताईंनी ते डोकं पदराआड घेतलं, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत टेबलावर ठेवलं.

"हा कोण?" मी विचारलं.

"बंडू हाय सर. सा वर्साचा."

"कधीपासून आहे?"

"लई वर्सं झाली. त्याचं वय वाढत नाय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी विचारलं, "आणि नापास झाला तर?"

"तर मास्तरला हळूच सांगायचं. ते करत्यात काय ते." त्या पुढचा टी-शर्ट उचलत म्हणाल्या, "तुमच्यापर्यंत कशाला यायचं उगी?"

तुमच्यापर्यंत कशाला यायचं. आठ वर्षं ही बाई कुणी सांगितलेलं नसताना, तिचं काम तिच्याकडून काढून घेतलेलं असताना, प्रत्येक लॉटमधल्या पहिल्या पिसातून हे चिंध्यांचं डोकं घालून बघत होती. मी ज्याला प्रोसेस म्हणत होतो, तिला बटणाचे डोळे होते. मी तो बंडू हातात घेतला. चांगला जड होता. त्यात आमच्या आठ हंगामांचे सगळे रंग होते.

त्या संध्याकाळी मी शेठना फोन केला. "उद्या सकाळी कारखान्यात याल?"

"काय झालं?"

"आल्यावर सांगतो."

"गुडघ्याला इचारून बघतो," ते म्हणाले, आणि आले.

मशीन सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना चेकिंगच्या टेबलाशी बोलावलं. रात्रभर मनाशी जुळवलेलं भाषण तिथे पोचेपर्यंत पार विसरलो होतो. खरं सांगू का, भीतीपेक्षा उतावीळपणा जास्त होता, शर्यतीच्या रेषेवर उभं राहिल्यासारखा. मी पोस्टर ओढून काढलं. मागे खिळा तसाच होता, जरा गंजलेला.

मी म्हणालो, "शेठ, तुम्ही विचारलं होतं, शिट्टी वाजली नव्हती का. वाजली होती. शोभाताईंनी वाजवली होती. मी चालत आलो, त्यांना गप्प केलं, आणि तुमच्याशी खोटं बोललो. चूक माझ्या तक्त्यात होती. शोभाताई, तुमच्या नावावर माझी चूक मी आठ वर्षं राहू दिली. माफी मागतो. दिलीच पाहिजे असं नाही."

मग खिशातून शिट्टी काढून खिळ्याला बांधली. लाल नाडी फिकी झाली होती. गाठ दोनदा सुटली.

शेठ काठी टेकत शोभाताईंसमोर जाऊन उभे राहिले. "मी ह्याला इचारलं. तुला इचारलं नाय. टेबल तुजं होतं, आनि मी बघत होतो ह्याच्याकडं. ती चुकी माजी हाय, पोरी."

शोभाताईंच्या डोळ्यांत काही आलं असेल तर ते त्यांनी आम्हाला दिसू दिलं नाही. "झालं ते झालं. मशीन चालू करा आता. सतरा खोकी राहिल्यात," म्हणाल्या आणि मागे निघून गेल्या.

चेकिंगला परत या, असं मी त्यांना दुपारी म्हटलं. त्या म्हणाल्या, "बघू." मी टेप पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

मग मी वाट बघायला लागलो. शिट्टी खिळ्यावर लटकत होती आणि कुणी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. हंगाम ऐन भरात, प्रेस दणादण उघडतोय, मिटतोय, आणि माझा एक कान सतत खाली. केबिनमध्ये मी चपला सोडून बूट घालून बसायला लागलो. बायकोने विचारलं, "हल्ली बुटांच्या नाड्या इतक्या घट्ट का बांधता?" वाटायचं, आता कोण वाजवणार? एकदा खिळ्यावरून काढलेली गोष्ट नुसती परत टांगून का सुरू होते?

काल दुपारी वाजली.

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. नव्या पोरी इकडेतिकडे बघायला लागल्या. पण जुन्या माणसांचे पाय आपोआप पेडलवरून उठले, एकेक मशीन थांबत गेली, आणि तो आठ वर्षांपूर्वीचा, नुसत्या पंख्यांचा आवाज परत आला. मी फोन टेबलावर टाकला. समोरचा माणूस बोलतच होता. जिन्याच्या तीन पायऱ्या एकदम उतरलो, शेवटच्या वळणावर घसरलो, कठड्याला धरून उठलो, कातरणांच्या पोत्यावरून उडी मारली, आणि धापा टाकत टेबलाशी पोचलो. छाती भात्यासारखी चालली होती.

रफीकभाई शिट्टी हातात धरून उभे होते, स्वतःच घाबरलेले. "साब, ये पिवळा बघा. कालच्या लॉटपेक्षा हिरवट मारतोय."

आम्ही दोन्ही पीस घेऊन दाराबाहेर उन्हात गेलो. सगळा कारखाना मागे. शेजारी शेजारी धरले, उलटे केले, सुलटे केले. पिवळा तोच होता. प्रेसवरची एक ट्यूब नवीन लावली होती, तिचा उजेड वेगळा पडत होता, इतकंच.

रफीकभाईंचा चेहरा उतरला. गाडी खोळंबली होती, पन्नास माणसं थांबली होती, आणि चूक नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. पॅकिंगच्या दारात शोभाताई येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्याही बघत होत्या. तीच नजर, हा सांगतोय का बघू.

माझा श्वास अजून सापडला नव्हता. मी कसाबसा टपरीकडे हात केला आणि ओरडलो, "चहा! सगळ्यांना! खोट्या शिट्टीचा!"

जुन्यांपैकी कुणीतरी हाळी दिली, आणि ती हाळी नव्यांनी उचलली, कशाबद्दल आहे ते न कळताच. रफीकभाई हसता हसता शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. "साब, उद्या पण वाजवू का? आलं जास्त टाकायला सांगा."

शोभाताई चहाचा ग्लास घेऊन माझ्याजवळ आल्या. माझ्या गुडघ्यावर पँट फाटली होती, ती बघून म्हणाल्या, "धावत आलात का पडत आलात, सर?"

"दोन्ही."

"दिसतंय." त्यांनी चहाचे दोन घोट घेतले, ग्लास माझ्या हातात दिला, आणि मागे गेल्या. परत आल्या तेव्हा काखेत बंडू होता. चेकिंगच्या टेबलावर, शिट्टीच्या बरोबर खाली, त्यांनी त्याला नीट बसवला. एक कान वाकला होता, तो सरळ केला.

"ह्याला हितं बसू द्या. लई वर्सं तिकडं लपून होता."

मला विचारायचं होतं, पण विचारायची भीती वाटत होती. तरी विचारलं, "आणि तुम्ही?"

त्यांनी पायाने स्टूल पुढे ओढलं, टेबलावरची इंची टेप उचलून गळ्यात टाकली, आणि पहिला पिवळा टी-शर्ट हातात घेतला.

"म्हंजे? सा वर्साचं लेकरू एकटं ठेवायचं व्हय?"